प्रमाण पाठ, भाषण मोकळं

मुळशी तालुक्यात कुणाला चारचौघांत बोलायला शिकायचं असेल, तर मी त्याला आधी सप्त्याच्या मांडवात पाठवीन. पौडच्या पुढे कोळवणच्या खोऱ्यात किंवा धरणाच्या कडेकडेने ताम्हिणीकडे जाताना एखाद्या गावात अखंड हरिनाम सप्ताह चालू असतोच. रात्रीच्या कीर्तनाला जाऊन बसावं. भाताच्या कामाने दमलेले शेतकरी, मांडीवर पोर निजवलेल्या बाया, हिंजवडीची ड्यूटी संपवून थेट आलेले तरुण, असा सगळा गाव समोर असतो. मध्ये एक माणूस दोन तास उभा राहून बोलतो. त्याच्या हातात कागदाचा कपटाही नसतो आणि मांडवातून कुणी उठून जात नाही. हे त्याला कसं साधतं, या प्रश्नाने मला कित्येक वर्षं झपाटलेलं आहे.

रिवाजाप्रमाणे वक्तृत्वाचा थोडा इतिहास. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. वक्तृत्वोत्तेजक सभा ती आजही चालवते. त्याच वर्षी रानडे प्रभृतींच्या निमंत्रणावरून स्वामी दयानंदांची पुण्यात व्याख्यानं झाली. पुढे टिळक, गोखले, शिवरामपंत परांजपे, आचार्य अत्रे, प्राचार्य शिवाजीराव भोसले, राम शेवाळकर ही मालिका वाचकांना ठाऊक आहेच. तेव्हा पुन्हा मांडवात जाऊ.

वारकरी कीर्तनकार निरूपणाला एक अभंग घेतो आणि दोन तासांचं सगळं बोलणं त्या अभंगाच्या चरणांना बांधून ठेवतो. एक सिद्धांत मांडायचा, त्याला ज्ञानेश्वरीतली ओवी किंवा तुकोबांचं, नाथांचं वचन प्रमाण म्हणून द्यायचं, रोजच्या जगण्यातला दृष्टांत सांगायचा आणि फिरून चरणावर यायचं. हे फिरून येणं फार मोलाचं आहे. गुरांना वैरण घालून उशिरा आलेल्यालाही त्यामुळे विषय सापडतो. शिवाय मागे उभे असलेले टाळकरी चाल उचलतात, मृदंग वाजू लागतो, तेवढ्यात कीर्तनकाराला दम मिळतो आणि पुढचं प्रमाण आठवायला सवड होते. सभेतल्या वक्त्यामागे टाळकरी नसतात. म्हणून त्याने महत्त्वाचं वाक्य झालं की स्वतःच थांबायला शिकलं पाहिजे. नवखा वक्ता थांबायला घाबरतो आणि नेमका तिथेच घसरतो.

कोळवण खोऱ्यातल्या एका कीर्तनात ऐन निरूपणात वीज गेली. माईक बंद, सगळीकडे अंधार. कीर्तनकार जेमतेम पंचविशीचा असेल. त्याने टाळकऱ्यांना गजर धरायला लावला. गजर संपेपर्यंत तो चार पावलं पुढे, थेट बायकांच्या रांगेपर्यंत आला. मग बोलायला लागला तो निराळ्याच ढंगात: वाक्यं आखूड, शब्द सुटे, वेग निम्म्यावर. आवाज त्याने चढवला नाही, तरी शेवटच्या रांगेपर्यंत शब्दन् शब्द पोचत होता.

कीर्तनानंतर पडवीत इंद्रायणीचा भात आणि आमटीची पंगत बसली. तिथे मी त्याला विचारलं, “महाराज, तयारी कशी करता?” त्याने पिशवीतून वही काढून माझ्या हातात दिली. प्रत्येक पानाच्या माथ्यावर एक विषय होता: संगती, अन्न, क्षमा, मरण. खाली प्रमाणांचे पहिले दोन-तीन शब्द, ते कुठले याची खूण आणि दृष्टांतासाठी एखादा शब्द, ‘विहीर’, ‘सासुरवाशीण’ असा. अख्ख्या वहीत सलग लिहिलेलं एक वाक्य नव्हतं.

“कीर्तन लिहून काढलं तर ते वहीतच राहतं, माऊली,” तो म्हणाला. “प्रमाण पाठ पाहिजे. बोलणं समोरचे लोक बघून येतं.”

तो आळंदीला शिकलेला. जोगमहाराजांनी १९१७ मध्ये तिथे वारकरी शिक्षण संस्था स्थापन केली आणि तिचा चार वर्षांचा अभ्यासक्रम आजही चालू आहे. पाठांतर हा त्याचा कणा. ज्ञानेश्वरीच्या सुमारे नऊ हजार ओव्यांपैकी हवी ती जिभेवर यावी, अशी तिथल्या विद्यार्थ्याची धडपड असते. आणि तो लगेच मध्ये उभा राहत नाही. टाळ घेऊन इतरांच्या मागे उभं राहत तो शेकडो कीर्तनं ऐकतो. बोलण्याच्या तयारीतला हा ऐकण्याचा भाग आपण पार विसरलो आहोत.

  

शाळांच्या वक्तृत्व स्पर्धांत या तयारीच्या उलट चालतं. भाषण बाई किंवा वडील लिहून देतात, कुठे हात वर करायचा तेही ठरवून देतात आणि लेकरू ते घोकतं. तालुक्यातल्या अशाच एका स्पर्धेला मी परीक्षक होतो. विषय होता पाणी. धरणाकाठच्या गावातली एक मुलगी तिसऱ्या वाक्याला अडली, गप्प झाली. मी तिला विचारलं, “बाळ, तुझ्या घरी पाणी कुठून येतं?” ती बोलू लागली. समोर एवढं मोठं धरण दिसतं, पण उन्हाळ्यात आई टँकरची वाट बघत बसते; आजी सांगते, आपलं जुनं गाव त्या पाण्याखाली आहे. सगळं सभागृह कान देऊन ऐकत होतं. पण ठरलेलं भाषण अर्धवट राहिलं, म्हणून नियमानुसार तिला बक्षीस देता आलं नाही. हा नियमच बदलला पाहिजे, असं मला तेव्हापासून वाटतं.

मोठ्या वक्त्यांची तयारीही प्रमाणांचीच असे. १८९७ मध्ये गोखले हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे साक्ष द्यायला लंडनला गेले. त्याआधी रानडे आणि गणेश व्यंकटेश जोशी यांनी त्यांच्याकडून सरकारी जमाखर्चाचे आकडे पक्के करून घेतले होते. उलटतपासणीत घोकलेलं भाषण कामाला येत नाही. तिथे आकडाच वाचवतो.

मुळशीच्या मातीनेही असे वक्ते पाहिले. टाटांच्या धरणाविरुद्धचा सत्याग्रह १९२१ च्या रामनवमीला सुरू झाला. त्याचे नेते सेनापती बापट यांनी त्याच्या कितीतरी आधी स्कॉटलंडमध्ये, एडिंबरोच्या शेफर्ड हॉलमध्ये, ब्रिटिश राज्यावर भाषण केलं होतं आणि त्यापायी आपली शिष्यवृत्ती गमावली होती. ‘काळ’कर्ते शिवरामपंत परांजपे हे त्या काळचे नामांकित वक्ते. तेही या लढ्यात उतरले आणि १९२२ मध्ये सहा महिने तुरुंगात गेले. ज्याची जमीन बुडणार आहे तो शेतकरी अलंकारांना भुलत नाही. बोलणारा आपल्याबरोबर कुठवर येणार, एवढंच तो बघतो. परांजपे आणि बापट यांनी तुरुंगात जाऊन ते प्रमाण दिलं.

म्हणून तालुक्यातल्या शिक्षकांना माझी विनंती आहे. मुलांना विषय आठवडाभर आधी द्या, पण भाषण लिहून देऊ नका. वहीचं एक पान द्या. त्यावर मुलाने घरी विचारून आणलेल्या दोन गोष्टी, खात्री केलेला एक आकडा आणि पाठ केलेलं एक वचन एवढंच असू द्या. सुरुवातीचं आणि शेवटचं वाक्य मात्र पक्कं करून घ्या. सराव उभ्याने, मोठ्याने आणि माईकशिवाय, घरातल्या म्हाताऱ्या माणसासमोर होऊ द्या. त्यांना ऐकू आलं आणि कळलं तर ते सगळ्यांना कळेल. स्पर्धेत भाषण झालं की परीक्षकांनी दोन प्रश्न विचारावेत आणि निम्मे गुण त्या उत्तरांना ठेवावेत. पहिल्या वर्षी मुलं अडखळतील, पण जे बोलतील ते त्यांचं स्वतःचं असेल.