पॉलिशने ओरखडा जातो, म्हणजे काय होते?

गाडीवर ओरखडा उठला की मालकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: पॉलिशने जाईल का? बहुतेक वेळा जातो, पण तो भरून निघत नाही. आजूबाजूचा थर त्याच्या तळापर्यंत घासून खाली आणला जातो, म्हणून तो दिसेनासा होतो. हा घासण्याचा सौदा किती वेळा परवडेल, हे थरांच्या जाडीवर ठरते. कारखान्यातून आलेल्या गाडीचा सगळा रंग मिळून साधारण 100 ते 150 मायक्रॉन भरतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. पत्र्यावर फॉस्फेट, मग विजेच्या साहाय्याने चढवलेला गंजरोधक थर, प्रायमर, रंगाचा बेस कोट आणि सर्वांत वर 35 ते 50 मायक्रॉनचा पारदर्शक क्लिअर कोट. झळाळी याचीच, आणि अतिनील किरण शोषणारी द्रव्येही यातच असतात. नीट बफिंगमध्ये दोन-चार मायक्रॉन निघतात, वॉटर पेपर फिरवला तर बरेच जास्त. दर दिवाळीला रबिंग-पॉलिश करून घेणारा हौशी मालक गाडीचे उन्हापासूनचे संरक्षणच दरवर्षी थोडे थोडे घासून टाकत असतो. क्लिअर कोट असलेल्या गाडीचा रंग पॅडवर उतरू लागला, तर तो थर संपला असे समजावे.

मग पूर्ण पॅनेलच का रंगवू नये? कारखान्यात उघडा सांगाडा टाकीत बुडवून दीडशे अंशांच्या वर भाजला जातो. तेव्हा त्यात वायरी, काचा, रबर काहीच नसते. तयार गाडीला तो ताप सोसत नाही, म्हणून गॅरेजच्या बूथमध्ये साठेक अंशांवर, हार्डनर घातलेल्या रंगावर भागवावे लागते. कसबी पेंटरचे काम ओळखू येत नाही, हे खरेच. पण चंदेरी मेटॅलिकमध्ये अॅल्युमिनियमचे कण कसे बसतात ते स्प्रे गनच्या दाबावर आणि अंतरावर ठरते, त्यामुळे छटा जुळवायला शेजारच्या पॅनेलपर्यंत रंग विरवत न्यावा लागतो. शिवाय जुनी गाडी घेणारा जाडी मोजायचे यंत्र लावतो आणि फुगलेला आकडा पाहून अपघाताचा संशय घेतो.

म्हणून आधी ओरखड्यावर नख आडवे फिरवून पाहावे. अडकले नाही तर हलके पॉलिश पुरे, किंवा काहीच नको. पत्रा उघडा पडला असेल, तर मात्र थांबू नये. कोकणच्या खाऱ्या हवेत आणि पावसात तिथे गंज धरतोच. टच-अपचा ठिपका कुरूप दिसतो, पण काम करतो. गंमत अशी की लोक न गंजणाऱ्या प्लॅस्टिकच्या बंपरवर हजारो रुपये घालतात आणि बोनेटच्या कडेला खड्याने उडालेला टवका तसाच सोडतात.

सिरॅमिक कोटिंगने हे सगळे टळते, असे विकणारे सांगतात. तो थर एक-दोन मायक्रॉनचा. पाणी आणि धूळ त्यावरून सहज सरकते, एवढा फायदा नक्की. त्याच्या कठीणपणासाठी सांगितली जाणारी ‘9एच’ ही मात्र पेन्सिलच्या शिशाची मोजणी आहे. खड्यापुढे ती टिकत नाही. दगडाचा मार झेलते ती दीड-दोनशे मायक्रॉनची पॉलियुरेथेनची फिल्म. ती महाग आहे, पण बोनेटच्या पुढच्या भागावर आणि दारांच्या कडांना लावली तरी बरेच साधते. बारीक गोलाकार रेघांना मात्र रस्ता नव्हे, सोसायटीतली एकच बादली जबाबदार असते: त्याच गढूळ पाण्यात पिळलेले फडके सकाळी दहा गाड्यांवरून फिरते, आणि त्यातली वाळू प्रत्येक बोनेटवर आपली रेघ ओढत जाते. आधी नुसत्या पाण्याने धूळ खाली काढायची आणि मगच कापड लावायचे, एवढ्यानेच पॉलिशवाल्याला मिळणारे निम्मे काम कमी होईल.