नाव एकाचे, इंजिन दुसऱ्याचे!

मोटारीवर ज्याचे नाव, त्याचेच इंजिन आत असणार, असे आपण धरून चालतो. १९७७ साली अमेरिकेतील हजारो ग्राहकांनीही तसेच धरले होते. पुढे काय घडले ते पाहा.

जनरल मोटर्स या कंपनीच्या अनेक शाखा होत्या. शेव्हरोले शाखेच्या मोटारी स्वस्त, तर ऑल्ड्समोबिलच्या महाग व अधिक प्रतिष्ठेच्या. ऑल्ड्समोबिलचे ‘रॉकेट’ इंजिन १९४९ पासून नावाजलेले होते. १९७७ मध्ये या मोटारींचा खप दहा लाखांवर गेला आणि इंजिने अपुरी पडू लागली. तेव्हा काही मोटारींत कंपनीने शेव्हरोलेचे इंजिन बसवले. ग्राहकांना मात्र ते सांगितले नाही. शिकागोतील एक मोटार दुरुस्तीला गेली, तेव्हा ऑल्ड्समोबिलचे सुटे भाग तिला बसेनात आणि गुपित फुटले!

गंमत अशी, की दोन्ही इंजिने आठ सिलिंडरांची आणि दोघांचीही क्षमता ३५० घन इंच, म्हणजे सुमारे ५.७ लिटर. हे कसे? सिलिंडरचा व्यास आणि दट्ट्या वरून खाली जितका सरकतो ती त्याची ‘धाव’, या दोहोंवरून क्षमता ठरते. ऑल्ड्समोबिलचा व्यास १०.३ सें.मी. व धाव ८.६ सें.मी.; शेव्हरोलेचा व्यास १०.१६ सें.मी. व धाव ८.८४ सें.मी. वृत्तचितीच्या घनफळाचे सूत्र वापरा आणि उत्तराला ८ ने गुणा. दोन्ही वेळा सुमारे ५,७३३ घन सें.मी. येईल! उंच गडू आणि पसरट पातेले यांत पाणी सारखेच मावले, तरी एकाचे झाकण दुसऱ्याला बसत नाही, तसेच हे.

मग शेव्हरोलेचे इंजिन वाईट होते काय? मुळीच नाही. नवे इंजिन तयार करायचे तर ओतकामाचे साचे, यंत्रे आणि चाचण्या यांवर अफाट खर्च होतो. एकच इंजिन अनेक मोटारींत वापरले, की तो खर्च वाटला जातो. २००६ पासून बरीच वर्षे टोयोटाची कॅम्री आणि त्याच कंपनीची महागडी लेक्सस ईएस ३५० यांत ३.५ लिटरचे एकाच जातीचे इंजिन बसवले जात असे. जास्त पैसे मोजून लेक्सस घेणाऱ्याला अधिक शांतता आणि अधिक आराम मिळे.

अमेरिकेतील ग्राहकांची तक्रार होती ती न सांगितल्याबद्दल. खटले झाले. कंपनीने ग्राहकांना २०० डॉलर आणि वाढीव हमी देऊ केली. आपली इंजिने कंपनीच्या निरनिराळ्या शाखांत तयार होतात, अशी सूचनाही पुढे जाहिरातींत छापली जाऊ लागली.

आता तुम्हीही एक प्रयोग करा. घरच्या किंवा शेजाऱ्यांच्या स्कूटरची माहितीपुस्तिका मिळवा. तीत व्यास आणि धाव मिलिमीटरमध्ये दिलेली असेल, तर त्यांचे सेंटिमीटर करा, घनफळ काढा आणि छापलेल्या क्षमतेशी ताडून पाहा!