वेब-अनुप्रयोग निर्मितीची व्यावसायिक व मुक्त स्रोत साधने : महाविद्यालयीन गरजांच्या संदर्भात तुलनात्मक विवेचन

प्रस्तावना : सोलापूर जिल्ह्यासाठी २००४ मध्ये स्वतंत्र विद्यापीठ स्थापन झाले. आज ते पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ या नावाने ओळखले जाते. त्याच्याशी संलग्न महाविद्यालयांना प्रवेश, ग्रंथालय व गुणनोंदीची कामे वेबवर आणताना साधन-निवडीचा प्रश्न पडतो. प्रस्तुत लेखात या निवडीच्या निकषांचे विवेचन केले आहे.

दोन परंपरा : रासमस लर्डॉर्फ यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेली पीएचपी ही मुक्त स्रोत भाषा मायएसक्यूएल या डेटाबेससह रूढ झाली. मूडल ही अध्यापन-प्रणाली पीएचपीमध्येच लिहिलेली आहे. मायक्रोसॉफ्टचे एएसपी डॉट नेट २००२ मध्ये आले. त्यासोबत सामान्यतः विंडोज सर्व्हर व एसक्यूएल सर्व्हर यांचे परवाने घ्यावे लागत. मात्र २०१६ मध्ये डॉट नेट कोअर मुक्त स्रोत स्वरूपात आले व लिनक्सवरही चालू लागले. उलट, मायएसक्यूएल २०१० मध्ये ओरॅकलकडे गेले व त्यातूनच निघालेला मारियाडीबी हा पर्याय पुढे आला. त्यामुळे केवळ कंपनीच्या नावावरून वर्गीकरण करणे आता अपुरे ठरते.

मराठी मजकूर : युनिकोडमधील ‘सोलापूर’ या शब्दात सात संकेत आहेत. यूटीएफ-८ मध्ये त्यास २१ बाइट, तर एसक्यूएल सर्व्हरच्या एनव्हारचार प्रकारात १४ बाइट लागतात. साधा व्हारचार प्रकार वापरल्यास तेथे सामान्यतः अक्षरांऐवजी प्रश्नचिन्हे साठतात. मायएसक्यूएलमध्येही २०१८ च्या ८.० आवृत्तीपूर्वी मूळ मांडणी लॅटिन लिपीची होती. म्हणजेच विद्यार्थ्यांची नावे शुद्ध राहणे हे साधनाच्या किमतीपेक्षा रचनाकाराच्या दक्षतेवर अवलंबून असते.

खर्च : मुक्त स्रोत म्हणजे विनाखर्च नव्हे. मूळ आज्ञावली पाहण्याचा, बदलण्याचा व वितरित करण्याचा अधिकार, हा त्याचा अर्थ होय. परवाना-शुल्क वाचले तरी सुरक्षा-सुधारणा, बॅकअप व प्रशिक्षण यांचा खर्च उरतोच. व्यावसायिक साधनात करारानुसार साहाय्य मिळते. परंतु पुरवठादार बदलताना जुनी माहिती बाहेर काढणे कठीण होऊ शकते.

निष्कर्ष : भारत सरकारने २०१५ च्या धोरणान्वये शासकीय प्रणालींसाठी मुक्त स्रोतास प्राधान्य दिले. महाविद्यालयांनीही ती दिशा स्वीकारणे इष्ट आहे. तथापि साधन कोणतेही असो, संपूर्ण माहिती प्रमाणित स्वरूपात परत मिळण्याची अट करारात असावी आणि प्रणाली सांभाळणाऱ्या किमान दोन व्यक्ती संस्थेत असाव्यात. अन्यथा एक जाणकार कर्मचारी गेल्यास विद्यार्थ्यांच्या अनेक वर्षांच्या नोंदी संकटात येतात.