धुतलेल्या रक्ताची परीक्षा

सेल सेव्हर चालवणाऱ्या माणसाची नजर स्क्रीनवर कमी आणि नळ्यांवर जास्त असते. शस्त्रक्रियेत सांडलेलं रक्त ओढून घ्यायचं, धुऊन त्यातल्या तांबड्या पेशी त्याच रुग्णाला परत द्यायच्या, एवढंच या यंत्राचं काम. चेन्नईतल्या आमच्या वेस्ट मांबलममध्ये 1953 पासूनचं पब्लिक हेल्थ सेंटर आहे, त्यामुळे दवाखाना हा इथल्या गप्पांचा नेहमीचा विषय. पण हे यंत्र मी जवळून पाहिलं ते शहरातल्या दुसऱ्या एका रुग्णालयात. खुब्याचा जुना कृत्रिम सांधा काढून नवा बसवायचा होता. अशा शस्त्रक्रियेत रक्त बरंच जातं.

रुग्ण आत येण्याआधीच हे यंत्र चालवणाऱ्या परफ्युजनिस्टबाई कामाला लागल्या होत्या. यंत्रानं सुरू होताच स्वतःची चाचणी केली आणि सगळं ठीक असल्याचं सांगितलं. बाईंनी तरी ओल्या कापडानं सेन्सरची काच पुसली. वाळलेल्या रक्ताचा एक ठिपका तिथं राहिला, तर रक्त फिरवून धुण्याचा बाउल भरला की नाही हे यंत्राला चुकीचं दिसतं. मग सक्शनचा काटा पाहिला: 150 मिलिमीटर पाऱ्याच्या वर ओढ नको, नाहीतर पेशी फुटतात. एक लिटर सलाइनमध्ये रक्त गोठू न देणारं हिपॅरिन 30,000 युनिट मिसळलं आणि त्यातलं थोडं आधीच रिझर्व्हॉयरमध्ये, म्हणजे ओढलेलं रक्त जमा होण्याच्या भांड्यात, सोडून गाळणी भिजवून घेतली.

शस्त्रक्रिया सुरू झाल्यावर बाई सर्जनला एवढंच म्हणाल्या, “सर, सक्शनचं टोक रक्तात बुडवून ठेवा.” वरवर ओढलं की रक्ताबरोबर हवा येते, फेस होतो आणि तिथंच पेशी फुटतात. आयोडीन किंवा हायड्रोजन पेरॉक्साइडनं जखम धुताना हे सक्शन बंद, दुसरं चालू. इथं चूक झाली तर पुढचं कितीही उत्तम यंत्र ती दुरुस्त करू शकत नाही.

घंटेच्या आकाराचा 225 मिलिलिटरचा बाउल गरगरू लागला. जड तांबड्या पेशी बाहेरच्या भिंतीकडे सरकल्या, हलका भाग टाकाऊ पिशवीत गेला. मग सलाइनची धुणी. हाडांच्या शस्त्रक्रियेत चरबी आणि हाडांचा चुरा येतो म्हणून दीड लिटर. बाई टाकाऊ नळीकडे पाहत होत्या. आधी लाल, मग गुलाबी, शेवटी पाण्यासारखी. ती लालच राहिली, तर पेशी वाया चालल्यात किंवा फुटताहेत.

शेवटचा बाउल अर्धाच भरला. घाई झाली की असा बाउल तसाच धुऊन द्यायचा मोह होतो. पण अर्ध्या बाउलमध्ये पेशी नीट दाबल्या जात नाहीत, धुणंही अपुरं होतं. बाईंनी थांबून आणखी रक्त जमू दिलं. तयार पिशवीतून थोडा नमुना प्रयोगशाळेत गेला. हिमॅटोक्रिट, म्हणजे त्यातला तांबड्या पेशींचा वाटा, पन्नास ते साठ टक्क्यांच्या दरम्यान हवा. शिवाय फुटलेल्या पेशींचं हिमोग्लोबिन आणि उरलेलं हिपॅरिनही अधूनमधून पाहतात.

माझ्या मते खरी परीक्षा ही. यंत्राची वार्षिक देखभाल होते, स्टिकर लागतो, फाइल भरते. पण त्यातून निघालेल्या रक्ताचं काय? ही पिशवी थिएटरमध्येच तयार होते आणि तिथंच संपते. रक्तपेढीतल्या पिशव्यांची नमुना तपासणी होते, तशी हिची आपोआप होत नाही; कुणीतरी ठरवून करावी लागते. त्यात धुतलेल्या पेशी धुणं संपल्यापासून चार तासांत द्याव्या लागतात, म्हणून सगळे अहवाल येईपर्यंत पिशवी थांबत नाही. आजच्या नमुन्याचा उपयोग बहुधा उद्याच्या रुग्णाला होतो, आणि म्हणूनच कदाचित नमुना घेणं टळतं.

साध्या हिमॅटोक्रिटला रक्ताचे दोन-चार थेंब आणि पाचेक मिनिटं लागतात. ज्या रुग्णालयांकडे सेल सेव्हर आहे, त्यांनी या तपासणीची वही यंत्राशेजारीच ठेवावी, आणि नातेवाइकांनी ती बेधडक मागावी.