उत्तर आणि उपपत्ति

गणितांत उत्तर बरोबर आलें कीं काम झालें, अशी पुष्कळांची समजूत असते. जुन्या ख्रिस्ती विद्यालयांची शिस्त निराळी होती. रोमच्या जेझुइट विद्यालयांतील अध्यापक क्लाव्हियस यानें १५७४ सालीं युक्लिडच्या भूमितीवर विवरणग्रंथ प्रसिद्ध केला. त्या भूमितींत सिद्ध केल्यावांचून एकही सिद्धान्त पुढें नेतां येत नाहीं.

ही रीत आपणांस परकी नाहीं. देवगाव रंगारीहून उत्तरेस, कन्नडचा घाट उतरल्यावर, चाळीसगांव तालुक्यांत पाटण येथें १२०७ सालचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं त्यांचे नातू चांगदेव यांनीं मठ स्थापिला, असें तो सांगतो. उपपत्तीवांचून, म्हणजे कारण दाखविल्यावांचून, गणकाला विद्वत्सभेंत मान नाहीं, असें आचार्यांचेंही मत होतें.

१, ३ व ५ यांची बेरीज ९, हें पाठ करतां येतें. पण एक खडा ठेवून त्याच्या दोन बाजूंस काटकोनांत ३ खडे लावा, मग तसेच ५ लावा. प्रत्येक वेळीं चौरसच होतो. हें ज्यानें पाहिलें, त्याला पहिल्या शंभर विषम संख्यांची बेरीज १०,००० हें सांगावें लागत नाहीं. पाठ केलेलें परीक्षेबरोबर जातें, समजलेलें राहतें.

म्हणून पालकांनीं मुलांस "गुण किती?" याआधीं "हें असें कां?" एवढें अवश्य विचारावें.