उपग्रहाला मेकॅनिक मिळत नाही

घरचा टीव्ही बिघडला की आपण मेकॅनिककडे नेतो. पण टीव्हीचे चित्र पाठवणारा उपग्रहच बिघडला तर? तो पृथ्वीपासून सुमारे 36,000 किलोमीटर उंच असतो. म्हणजे कन्हानहून नागपूरला 900 वेळा जाऊन परत येण्याइतके अंतर! तिथे कोण जाणार?

1988 च्या जुलै महिन्यात भारताचा इन्सॅट-1 सी हा उपग्रह आकाशात गेला. तो सात वर्षे चालायचा होता. पण त्यातला एक डायोड बिघडला. डायोड म्हणजे विजेला एकाच बाजूने जाऊ देणारा भाग. रेडिओतला डायोड तर तांदळाच्या दाण्याएवढा असतो. त्या एकापायी उपग्रहाची अर्धी वीज गेली. पुढे 1989 च्या नोव्हेंबरात पूर्ण उपग्रहच हातचा गेला.

मग कोणता भाग टिकेल हे आधीच कसे ओळखायचे? आमचे आबाजी पेरणीआधी सोयाबीनचे 100 दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळतात. किती उगवले ते पाहून बियाणे कसे आहे ते सांगतात. शास्त्रज्ञही तसेच करतात. पुष्कळ भाग घेऊन चालवून पाहतात आणि बिघडलेले मोजतात.

समजा 1000 भाग 1000 तास चालवले आणि फक्त 1 बिघडला. मला वाटले, वा! पण गुरुजींनी फळ्यावर गणित मांडले. उपग्रहात असे 1000 भाग असले, तर सरासरी दर 1000 तासांनी एक बिघडणार. 1000 ला 24 ने भागा. 41 दिवस 16 तास! दीड महिनाही नाही. म्हणून लाखात निवडलेले भाग लागतात.

पण सात वर्षे वाट पाहत कोण बसेल? म्हणून भाग खूप गरम करून चालवतात. उन्हाळ्यात दूध लवकर नासते ना, तसे गरमीत भाग लवकर म्हातारे होतात. कच्चे असतात ते जमिनीवरच बिघडतात. त्यावरून पुढचा अंदाज बांधतात. शिवाय महत्त्वाचे भाग जोडीने बसवतात, ट्रकच्या स्टेपनीसारखे.

यंदा आमचे 100 पैकी 68 दाणे उगवले. आबाजी म्हणाले, "काही हरकत नाही, थोडं जास्त बियाणं टाकू." मी म्हटले, "आबाजी, उपग्रहात तसं जास्त नाही टाकता येत, वजन वाढते!" ते म्हणाले, "मग त्यायनं दाणे आमच्याहून बारीक निवडले पाहिजे."