दुकानातला पाय आणि विसाव्या किलोमीटरचा पाय

हा आपल्या एपिसोडचा लिहिलेला अवतार. ज्यांनी एसटीत अर्धवट ऐकला आणि केळघर घाटात ज्यांची रेंज गेली, त्यांच्यासाठी खास. बोलताना मी दोन-तीनदा भरकटलो होतो, तेवढं कापलंय. बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.

विषय आहे लांब चालण्यासाठी बूट कसे निवडायचे. ट्रेल शूज म्हणा, ट्रेकिंगचे बूट म्हणा. मी काही बुटांचा एक्स्पर्ट नाही. दिवसभर लॅपटॉपसमोर बसणारा माणूस आहे, सुट्टीला मेढ्याला घरी आलो की चालत सुटतो, एवढंच. पण गेल्या वर्षी घरात एक गोष्ट घडली आणि मला हा विषय मुळापासून वाचावा लागला.

आमच्या पप्पांना दहा वर्षांपासून शुगर आहे. गेल्या वर्षी ते लोणंदला माउलींच्या पालखीत सामील झाले आणि फलटणपर्यंत चालले. चांदोबाचा लिंब इथलं उभं रिंगण बघितलं, तरडगावला मुक्काम केला, एकदम खूश होऊन घरी आले. रात्री आईनं पाय शेकायला गरम पाणी दिलं, तेव्हा तिला दिसलं की उजव्या करंगळीच्या खाली फोड येऊन, फुटून, आतलं लाल मांस उघडं पडलंय. पप्पांना पत्ताच नाही. "आरं, दुखलंच न्हाई मला," म्हणाले. डॉक्टरांनी सांगितलं की अडचण तीच आहे. जुन्या शुगरमध्ये पायाच्या नसा बधिर होत जातात. तुम्हाला-मला बूट चावला की आपण लगेच थांबतो. त्यांना तो चावलेला कळतच नाही. (जाता जाता: अशा पायाला गरम पाण्याचा शेक द्यायचा नाही, हेही त्याच दिवशी कळलं. भाजलेलंही कळत नाही.) ती जखम भरायला दीड महिना लागला.

आणि आता यंदा त्यांना आळंदीपासून पंढरपूरपर्यंत चालायचंय. जवळजवळ अडीचशे किलोमीटर.

माझी स्वतःची गोष्ट त्यामानाने किरकोळ. दोन वर्षांपूर्वी मेढ्याहून कुसुंबीच्या बाजूने वर चढून कासला गेलो आणि पुढे बामणोलीत उतरलो. मोबाईलनं तीसेक किलोमीटर दाखवले. बूट नवे होते, ऑनलाइन सेलमध्ये घेतलेले, नेहमीचाच नऊ नंबर. कासपर्यंत राजासारखा चाललो. उताराला लागलो आणि तासाभरात दोन्ही अंगठे ठणकायला लागले. आठवड्याभरात दोन्ही नखं काळीनिळी, पुढे एक गळूनच पडलं. बुटात काही खोट नव्हती. नंबर चुकला होता आणि तो मी चुकवला होता.

कसं होतं बघा. आपण बूट घ्यायला जातो सकाळी किंवा दुपारी, एसीत, आरामात बसून. तो पाय थंड असतो, कोरडा असतो. पंधरा-वीस किलोमीटर चाललेला पाय वेगळाच असतो. रक्त खाली उतरतं, पाय सुजतो, घामानं कातडी मऊ पडते, सततच्या भारानं तळव्याची कमान थोडी बसते आणि पाऊल लांबीला-रुंदीला वाढतं. त्यात उतार लागला की पाऊल बुटात पुढे सरकतं आणि प्रत्येक पावलाला नख पुढच्या भिंतीवर आपटतं. आमच्या फील्डमधल्या लोकांना एका वाक्यात सांगतो: दुकानात बूट बरोबर बसला म्हणजे कोड "माझ्या मशीनवर चालतंय". प्रॉडक्शन सर्व्हर विसाव्या किलोमीटरला आहे.

म्हणून बूट संध्याकाळी घ्या, दिवसभर पायावर राहून झाल्यावर. जे मोजे घालून चालणार तेच मोजे घेऊन जा. दोन्ही पायांत घाला, कारण बहुतेकांचा एक पाय दुसऱ्यापेक्षा किंचित मोठा असतो, आणि नंबर मोठ्या पायाचा धरायचा. उभं राहिल्यावर सगळ्यात लांब बोटाच्या पुढे साधारण अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. सगळ्यात लांब बोट अंगठाच असतं असं नाही, माझं दुसरं बोट पुढे आहे. आणि एक युक्ती, जी मला फार उशिरा कळली: बुटातला आतला सोल बाहेर काढा, जमिनीवर ठेवा आणि त्यावर उभे राहा. पाऊल कडांच्या बाहेर सांडत असेल तर तो बूट तुमच्यासाठी अरुंद आहे. मग सेल्समन कितीही म्हणो, "वापरून सैल होईल, दादा."

रुंदीचं एवढं का लावून धरतोय? कारण आपण नंबर बघतो, आणि नंबर फक्त लांबी सांगतो. यूके मापात एका नंबरचा फरक म्हणजे एक तृतीयांश इंच, साडेआठ मिलिमीटरच्या आसपास. युरोपियन मापात तोच फरक पावणेसातच्या जवळ. त्यामुळे एका कंपनीचा ९ आणि दुसरीचा ४३ यांचं गणित नेहमी थोडं हुकतं. डब्यावर सेंटिमीटरचा आकडा असेल तर त्यावर भरवसा ठेवा. शिवाय हे साचे मुळात आपल्या पायांवरून काढलेलेच नाहीत. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेनं २०२१-२२ मध्ये देशभरातल्या एक लाखाहून जास्त लोकांची पावलं मोजली. निष्कर्ष असा, की आपली पावलं युरोप-अमेरिकेतल्या लोकांपेक्षा सरासरीनं रुंद आहेत. त्यावरून भारतासाठी 'भा' नावाची मापपद्धत सुचवली गेली. म्हणजे लांबी बरोबर आणि करंगळी दाबली जातेय, हा तुमच्या पायाचा दोष नाही. आपण काय करतो? रुंदी मिळावी म्हणून दोन नंबर मोठा बूट घेतो. मग टाच आत वर-खाली होते आणि फोड टाचेला येतो. त्यापेक्षा पुढून रुंद असलेला साचा शोधावा.

आता सोल. इथे यूट्यूबवरचे परदेशी रिव्ह्यू फारसे कामाला येत नाहीत, कारण आपला डोंगर वेगळा आहे. सह्याद्रीत एकाच दिवसात चार प्रकारची जमीन लागते. कासच्या वरचा जांभा खडबडीत, कोरडा असेल तर त्यावर कुठलाही बूट धरतो. उतारावरचा घसारा, म्हणजे सुटा मुरूम, तिथे सोलला खोल दात हवेत, चार-पाच मिलिमीटरचे. भातखाचरांच्या बांधावरचा चिखल, तिथेही तेच, पण दातांमध्ये अंतर हवं, नाहीतर चिखल भरून सोल सपाट होतो. आणि चौथा, सगळ्यात वाईट, शेवाळलेला ओला काळा कातळ. तिथे दात किती खोल आहेत याला फार अर्थ नाही. तिथे रबर किती मऊ आहे आणि त्याचा किती भाग दगडाला टेकतोय, यावर सगळं आहे. जुन्या ट्रेकर मंडळींना विचारा, 'अ‍ॅक्शन ट्रेकिंग' या साध्यासुध्या स्वस्त बुटाचं नाव अजून आदरानं घेतात. दिसायला काही नाही, पण रबर दगडाला चिकटतं. दुकानात सोलवर नख दाबून बघा. किंचित रुततंय तर रबर मऊ. हाच मऊ सोल डांबरावर मात्र भराभर झिजतो, हेही लक्षात ठेवा.

थोडं अवांतर: दातेरी रबरी सोल ही गोष्टच एका अपघातातून आली. १९३५ मध्ये इटालियन आल्प्समध्ये विताले ब्रामानी या गिर्यारोहकाचे सहा साथीदार मेले. पायातले बूट त्या थंडीला आणि बर्फाला पुरे पडले नव्हते. त्यानं टायर कंपनी पिरेलीच्या मदतीनं १९३७ मध्ये रबरी दातेरी सोल बाजारात आणला. व्हायब्रम हे नाव त्याच्याच नावातून आलंय, सोलखालचा तो पिवळा बिल्ला तुम्ही पाहिला असेल.

वॉटरप्रूफबद्दल सगळ्यात जास्त मेसेज आले होते. माझं मत स्पष्ट आहे: जावळीच्या पावसात वॉटरप्रूफ बूट घेऊ नका. गोअर-टेक्ससारखा पडदा बाहेरचं पाणी आत येऊ देत नाही, मान्य. पण आपल्याकडे पाणी बाजूनं येत नाही, वरून येतं. ओढा ओलांडला, पॅन्टवरून ओघळलं, की घोट्यातून आत. आणि आत गेलेलं पाणी तोच पडदा बाहेर जाऊ देत नाही. दिवसभर पाय बादलीत. त्यापेक्षा जाळीदार बूट ओला होतो आणि चालता चालता निथळतोही. हिमालयात बर्फावर जाणार असाल तर गोष्ट वेगळी.

घोट्यापर्यंतचे उंच बूट की खालचे? पाठीवर जड सॅक नसेल तर मी खालचेच घेतो. पायावरचं वजन पाठीवरच्या वजनापेक्षा कितीतरी जास्त दमवतं. मोजमाप करणाऱ्यांनी चार ते सहा पट असं काढलंय. बूट हलका हवा, पण कापडासारखा लुळा नको. हातात धरून फडकं पिळतात तसा पिळा. पार वळला तर दगडांवर तळवे सोलून निघतील. वाकवल्यावर तो बोटांच्या सांध्यापाशी वाकायला हवा, मधोमध नाही.

आणि माळ्यावर पाच वर्षं जपून ठेवलेले 'नवेच' बूट घालून थेट ट्रेकला जाऊ नका. मधला थर काही बुटांत अशा फोमचा असतो, जो आपल्या दमट हवेत नुसता पडून पडूनही कुजतो. वासोट्याच्या उतारावर आमच्या एका मित्राचा अख्खा सोल तोंड उघडून बाहेर आला. बामणोलीची परतीची लाँच गाठायची होती. सोल सुतळीनं बांधून तो बदकासारखा चालत उतरला. आम्ही हसलो, तो नाही हसला.

मोजे सुती नकोत, ते घाम धरून ठेवतात, आणि ओली कातडी घासली की फोड. मेडिकलमध्ये मिळणारी पेपर टेप खिशात ठेवा. कुठेही गरम लागायला लागलं की थांबून तिथे चिकटवा. फोड आल्यावर नाही, आधी.

हे "गरम लागायला लागलं की" पप्पांच्या बाबतीत चालत नाही. म्हणून त्यांचे बूट निवडताना मला सगळं उलटीकडून बघावं लागलं.

पहिली गोष्ट, वारीची वाट ट्रेल नाहीच. बहुतेक डांबर आणि काँक्रीट. तिथे खोल दातांचा बूट म्हणजे दिवसभर खडीवर चालल्यासारखं, आणि मऊ रबर पंढरपूर येईतो अर्धं संपेल. त्यांना हवा रुंद, उथळ नक्षीचा, जाड गादीचा, जाळीचा चालण्याचा बूट. आतून एकही जाड शिवण बोटांवर येत नाही असा. मी हात घालून प्रत्येक बूट आतून चाचपला. दुकानदाराला वाटलं मी पैसे शोधतोय.

दुसरी गोष्ट खुद्द पप्पा. "वारकऱ्याला कशाला रं बूट? सारा गाव पायताणावर जातूय." यात तथ्य आहे. हजारो लोक चपलेवर जातात, कित्येक अनवाणी जातात, आणि वाटेत चपला शिवून देणं हीच सेवा मानणारे चर्मकार बांधव बसलेले असतात. पण चपलेच्या पट्ट्यानं कापलं तर ज्याला कळतं त्याच्यासाठी ते ठीक आहे. डॉक्टरांनी बजावलंय: पुढून बंद असलेला बूट, घालण्याआधी रोज हात घालून आत खडा-बिडा नाही ना बघणं, आणि रोज रात्री दोन्ही तळवे दुसऱ्या कुणीतरी बघणं. शेवटी मोठा नंबर घेतला, तर म्हणतात, "ह्यो बूट हाय का बामणोलीची होडी?"

तिसरी अडचण मला सुचलीच नव्हती, आईनं काढली. वारीत दिवसातून दहा वेळा पायातलं काढायचं असतं. आरतीला, जेवायला, तंबूत शिरताना. पप्पा काय करणार? लेस सैल सोडणार आणि टाच दाबून चपलेसारखे घालणार. म्हणजे पुन्हा पाऊल सरकणार, पुन्हा तीच करंगळी. त्यामुळे आता रोज संध्याकाळी ओसरीवर लेस बांधायची प्रॅक्टिस चालू आहे. सगळ्यात वरचं जे जास्तीचं भोक असतं ना, ज्याचं काय करायचं कुणालाच माहीत नसतं, त्यात लेसचा छोटा फास करून दुसऱ्या बाजूची लेस त्यातून ओवायची आणि ओढायची. टाच जागेवर राहते. उताराला तुम्हीही करून बघा.

ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून प्रस्थान. माझं सगळं लक्ष पुणे ते सासवडच्या दिवसाकडे आहे. तीस किलोमीटरच्या आसपासचा टप्पा आणि त्यात दिवे घाटाचा चढ. त्या दिवशी मी सुट्टी टाकून सोबत चालणार आहे. तोपर्यंत दर रविवारी थोडं थोडं वाढवत नेतोय.

गेल्या रविवारी केळघरच्या रस्त्याला जाऊन-येऊन बारा किलोमीटर झाले. घरी आल्यावर पप्पांना खाटेवर बसवलं, मोजे काढले आणि मोबाईलच्या टॉर्चमध्ये दोन्ही पाय बोट-बोट बघितले. डावा स्वच्छ. उजव्या करंगळीच्या कडेला आठ आण्याएवढा लालसर डाग. "दुखतंय का?" विचारलं. "काय बी न्हाई." बिल अजून पाकिटात आहे आणि दुकानदार चौदा दिवसांत बदलून देतो म्हणालाय, त्यामुळे उद्या साताऱ्याला चाललोय, त्याच बुटाची आणखी रुंद जोडी मिळते का बघायला. यावेळी पप्पांना संध्याकाळी नेणार, आणि बसस्टँडपासून दुकानापर्यंत चालवत.